पेट्रोलचा भाव बाजारावर, विजेचा आयोगाकडे: ग्राहकाला वाव कुठे आहे?

प्रश्न इचलकरंजीहून आला आहे. विचारणाऱ्यांचे यंत्रमाग आहेत, सूत-कापड ने-आण करायला घरचा टेम्पो आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पेट्रोल-डिझेलचा भाव बाजारावर सोडलाय म्हणतात, विजेचा दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, आणि खिशाला कात्री दोन्हीकडून लागते. मग सरकारनेच दोन्हींचे दर बांधून द्यावेत, की वीजसुद्धा एकदाची बाजारावर सोडावी?

माझं सगळं काम वीजदराच्या हिशेबात गेलं. आधी वितरणाच्या बाजूने दरप्रस्ताव तयार केले, नंतर छोट्या उद्योगांसाठी त्याच प्रकारच्या प्रस्तावांवर हरकती लिहिल्या. त्यातून बनलेलं मत आधी सांगतो. ग्राहकाला दोनच गोष्टी वाचवतात. एक म्हणजे दुसऱ्या दुकानात जाता येणं. ते शक्य नसेल तर दुसरी: भाव ठरवणाऱ्याने हिशेब उघड मांडायचा, लोकांचं ऐकायचं आणि निर्णयाची कारणं लेखी द्यायची. या दोन्हींपैकी एकही नसेल, तर त्या व्यवस्थेला बाजार म्हणा नाहीतर सरकार म्हणा, ग्राहक उघड्यावरच असतो. आपल्याकडे विजेला यातली दुसरी गोष्ट आहे, अर्धीमुर्धी का होईना. पेट्रोलला दोन्हीही नाहीत. म्हणून वीज पेट्रोलसारखी करण्यापेक्षा पेट्रोलला विजेच्या दराची शिस्त लावावी, असं मला ठामपणे वाटतं.

दर बांधून देण्याचा प्रयोग आपण दीर्घकाळ केलेला आहे, त्यामुळे त्याबद्दल अंदाज बांधायची गरज नाही. पेट्रोलियम पदार्थांचे भाव सरकारने ठरवण्याची पद्धत कागदावर एप्रिल २००२ मध्ये संपली. पण कच्चं तेल चढायला लागलं तसे भाव पुन्हा दाबून धरले गेले. तेल कंपन्यांचा तोटा भरून द्यायला सरकारने रोख पैसे देण्याऐवजी तेलरोखे काढले. २००५ ते २०१० या काळात काढलेल्या रोख्यांची रक्कम सव्वा लाख कोटींच्या वर जाते. त्या वर्षांत ज्यांनी टाक्या भरल्या त्यांच्या बिलाचा एक हिस्सा पुढच्या दीड दशकातल्या करदात्यांनी व्याजासकट फेडला. हे रोखे खासगी कंपन्यांना मिळत नव्हते. समोरचा सरकारी पंप तोट्यात विकतोय आणि आपल्याला भरपाई नाही, या स्थितीत रिलायन्सने २००८ मध्ये देशभरातले आपले चौदाशेच्या आसपास पंप बंद केले. दर बांधले की आधी स्पर्धा जाते. ती परत यायला वर्षं लागतात.

दुसरा परिणाम आपल्या जिल्ह्यांनी फार जवळून पाहिला. रेशनचं रॉकेल बारा-तेरा रुपये लिटर आणि डिझेल चाळिशीच्या घरात, एवढी दरी ठेवली की त्या दरीत एक अख्खा धंदा उभा राहतो. रॉकेल गरिबाच्या चुलीपर्यंत पोचण्याऐवजी डिझेलच्या टँकरमध्ये जातं. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला तेल-भेसळीच्या अड्ड्यावर दिवसाढवळ्या जाळून मारलं गेलं. स्वस्त रॉकेलाचं समर्थन करणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मदत माणसाला देण्याऐवजी वस्तूच्या भावात मिसळली की ती कुणाच्या हाती लागेल यावर ताबा राहत नाही. पुढे रॉकेलाचा भाव पंचवीस-पंचवीस पैशांनी हळूहळू वाढवत नेला, गॅसचं अनुदान २०१५ पासून थेट बँक खात्यात जाऊ लागलं, आणि या धंद्याचा पाया खचला.

आता दुसरी बाजू. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झालं. डिझेलला जानेवारी २०१३ पासून महिन्याला पन्नास पैशांपर्यंतच्या वाढीची मुभा मिळाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं झालं. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला नवा भाव लागू होऊ लागला. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. रोज पाच-दहा पैशांचा फरक सोसतो, महिनाभर दाबून ठेवून एकदम पाच रुपये चढवले तर टेम्पोवाल्याचं भाड्याचं गणित कोलमडतं.

पण तारखा बघा. २०१८ मध्ये कर्नाटकच्या मतदानाआधी सुमारे तीन आठवडे रोज बदलणारा भाव जागचा हलला नाही. नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीपासून २२ मार्च २०२२ पर्यंत, साडेचार महिने, पुन्हा तेच. त्या काळात उत्तर प्रदेश, पंजाब, उत्तराखंड, मणिपूर आणि गोव्याच्या निवडणुका होत्या, आणि युक्रेन युद्धामुळे कच्चं तेल सव्वाशे डॉलरच्या पुढे जाऊन आलं. निकाल १० मार्चला लागले. २२ मार्चपासून ६ एप्रिलपर्यंत लिटरमागे दहा रुपये वाढले. त्यानंतर कंपन्यांनी भाव पुन्हा गोठवला. मे २०२२ मध्ये उत्पादन शुल्क आणि त्यानंतर काही राज्यांचे कर कमी झाल्याने पाटीवरचे आकडे उतरले, पण कंपन्यांच्या हातातली मूळ किंमत जवळपास दोन वर्षं तिथेच होती. ती हलली मार्च २०२४ च्या मध्याला, दोन रुपयांनी, लोकसभेचा कार्यक्रम जाहीर होण्याच्या अगदी तोंडावर.

या गोठवण्याने तिन्ही सरकारी कंपन्यांना एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहा महिन्यांत मिळून एकवीस हजार कोटींच्या आसपास निव्वळ तोटा झाला. मग तेल उतरलं, पंपावरचा भाव उतरला नाही, आणि २०२३-२४ मध्ये त्याच तिघींचा नफा मिळून एक्याऐंशी हजार कोटींच्या जवळ गेला. चढत्या काळात ग्राहकाला सांभाळायचं आणि उतरत्या काळात ते वसूल करायचं, ही पद्धत मुळात वाईट आहे असं मी म्हणणार नाही. विजेच्या दरातही आम्ही हेच करतो, मागच्या वर्षीची तूट पुढच्या वर्षी घेतो. फरक असा की तिथे तूट किती, त्यातली मान्य किती, ती किती वर्षांत आणि कोणत्या व्याजाने घ्यायची, हे सगळं आदेशात छापलेलं असतं. पेट्रोलच्या बाबतीत वसुली कोणत्या दिवशी पूर्ण झाली हे विचारायला जागाच नाही. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ २००६ च्या कायद्याने आलं. ते पाइपलाइनचे दर ठरवतं, शहरांतल्या गॅस वितरणाचे परवाने देतं, पण पंपावरचा भाव ठरवण्याचा अधिकार त्याला नाही.

पेट्रोलचा भाव थेट कच्च्या तेलाला बांधलेला असतो असा समज आहे, तोही दुरुस्त करून घ्या. कंपन्यांचा हिशेब तयार पेट्रोल-डिझेलच्या आंतरराष्ट्रीय भावावर चालतो, त्यात वाहतूक, विमा आणि डॉलरचा दर येतो. त्यामुळे कच्चं तेल स्वस्त आणि डिझेल महाग असे दिवस खरोखर येतात. २०२२ मध्ये आलेही होते.

त्यावर कर. २०२४ मध्ये दिल्लीत पेट्रोल ९४.७२ रुपये होतं, तेव्हा त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क १९.९० आणि राज्याचा व्हॅट १५.४० च्या आसपास होता. डीलरचं कमिशन पावणेचार रुपये. २०२० च्या वसंतात तेल वीस डॉलरच्या खाली गेलं, आणि मे महिन्यात उत्पादन शुल्क पेट्रोलवर दहा, डिझेलवर तेरा रुपयांनी एका रात्रीत वाढलं. बाजार उतरल्याचा फायदा ग्राहकापर्यंत पोचलाच नाही. महाराष्ट्रात तर व्हॅटच्या टक्क्यांवर लिटरमागे ठरावीक अधिभारही आहे. तुमच्याकडचे टेम्पोवाले कर्नाटकातल्या कोगनोळी-निपाणीकडे जाऊन टाकी भरून येतात ना? ती चढाओढ दोन राज्यांच्या करांमधली आहे. रस्त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पंपात पाच-दहा पैशांचा फरक असतो, कारण देशातले बहुतेक पंप तीन सरकारी कंपन्यांचे आहेत आणि तिघींचा मालक एकच आहे. २०२२ मध्ये भाव गोठल्यावर खासगी पंपांनी पुन्हा विक्री आवरती घेतली, तेव्हा सरकारला जून महिन्यात त्यांच्यावर पुरवठ्याचं बंधन घालावं लागलं. २००८ ची पुनरावृत्ती होती ती.

विजेचं गणित वेगळं, कारण घरात येणारी तार एकच असते. एका गल्लीत चार कंपन्यांनी चार खांब रोवावेत हे कुणालाच परवडणारं नाही. शिवाय वीज मोठ्या प्रमाणावर साठवणं अजून महाग आहे. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. पुरवठा दोन टक्क्यांनी कमी पडला तर भाव दोन टक्के वाढत नाही, तो कुठेही जातो.

नियामक नसताना खासगी वीज घेतली तर काय होतं, हे महाराष्ट्राने गुहागर तालुक्यात पाहिलं. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाचा राज्य वीज मंडळाशी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. निविदा नव्हती, त्यामुळे बाजार नव्हता. वीज नियामक आयोग महाराष्ट्रात आला ऑगस्ट १९९९ मध्ये, त्यामुळे सुनावणीही नव्हती. भाव डॉलरशी बांधलेला, इंधनाचा खर्च जसाच्या तसा मंडळाच्या माथी, आणि वीज उचलली नाही तरी स्थिर खर्च द्यायचाच. करार झाला तेव्हा डॉलर एकतीस रुपयांच्या आसपास होता, २००० संपताना सेहेचाळीसच्या पुढे गेला. प्रकल्पाचं इंधन असलेला नाफ्था महागला. मंडळाने महाग वीज कमी उचलली की तोच स्थिर खर्च कमी युनिटांवर पसरायचा आणि दर आणखी चढायचा. युनिटमागे सात रुपयांच्या वर गेलेला हिशेब मंडळाला पेलणं शक्यच नव्हतं. मे २००१ मध्ये प्रकल्प थांबला. त्या कराराच्या आकड्यांची चिरफाड वीजक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या प्रयास गटाने आणि नंतर माधव गोडबोले समितीने केली. पण ती चिरफाड सह्या होण्याआधी, उघड सभागृहात व्हायला हवी होती.

त्याच महिन्यांत तीच एन्रॉन कॅलिफोर्नियात काय करत होती, ही जोड मला नेहमी महत्त्वाची वाटते. तिथे घाऊक वीजबाजार १९९८ मध्ये खुला झाला होता, पण ग्राहकाचा दर मात्र गोठवलेला. वितरण कंपनीने बाजारातून कितीही महाग घ्यावी, विकायची जुन्या दराने. व्यापाऱ्यांनी फट शोधली. राज्यातली वीज कागदोपत्री बाहेर न्यायची आणि बाहेरची म्हणून चढ्या भावाने परत आणायची, कारण बाहेरून येणाऱ्या विजेला भावाची मर्यादा लागत नव्हती. एन्रॉनची अंतर्गत टिपणं २००२ मध्ये उघड झाली तेव्हा हे सगळं लिखित स्वरूपात सापडलं. जानेवारी २००१ मध्ये श्रीमंत कॅलिफोर्नियात पाळीपाळीने अंधार झाला, आणि एप्रिलमध्ये पीजी अँड ई ही तिथली मोठी वितरण कंपनी दिवाळखोरीत गेली. एकीकडे बंद खोलीतला करार, दुसरीकडे अर्धवट उघडलेला बाजार. दोन्हीकडे एकच कंपनी, आणि दोन्हीकडे हिशेब वेळेत तपासायला कुणी नाही.

पूर्ण मोकळ्या बाजाराचं उदाहरण फेब्रुवारी २०२१ मधलं टेक्सासचं. हिमवादळात गॅसच्या वाहिन्या आणि वीजकेंद्रं गारठली, घाऊक भाव युनिटमागे नऊ डॉलरच्या कमाल मर्यादेला जाऊन चिकटला. ज्या घरांनी घाऊक भावाशी जोडलेली योजना घेतली होती त्यांना काही दिवसांचं बिल हजारो डॉलरचं आलं. अधिकृत मोजणीत त्या वादळाचे बळी २४६ आहेत. ब्रिटनमध्ये याच्या उलट झालं. तिथे किरकोळ दराला मर्यादा होती, घाऊक भाव तिच्या वर गेला, आणि २०२१-२२ मध्ये तीसच्या आसपास पुरवठादार बुडाले. त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्यांकडे वळवण्याचा खर्च सगळ्यांच्या बिलात आला.

आपल्याकडे बाजाराचा जो भाग आहे तो वीज विनिमय केंद्रांवर, म्हणजे विजेची घाऊक खरेदी-विक्री होते तिथे, २००८ पासून. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे, प्रत्येकाचा भाव वेगळा. मार्च २०२२ च्या उकाड्यात तो वीस रुपयांच्या मर्यादेला टेकला, तेव्हा केंद्रीय आयोगाने एप्रिलपासून ती बारावर आणली, पुढच्या वर्षी दहावर. घाऊक पातळीवर हा बाजार मला हवासा वाटतो. दुपारी सौर वीज मुबलक आणि संध्याकाळी टंचाई, हे त्याच्यामुळे आकड्यांत दिसायला लागलं. औद्योगिक दरात दिवसा सवलत आणि संध्याकाळी अधिभार हे जे आता ठळक झालंय, ते याच वास्तवातून आलेलं आहे. माग कोणत्या पाळीला चालवायचे याचा हिशेब यापुढे बिल बघून करा.

किरकोळ ग्राहकाला निवड देण्याचा देशातला सगळ्यात मोठा प्रयोगही महाराष्ट्रातच झाला आहे, मुंबईच्या उपनगरांत. तिथे तारा रिलायन्सच्या होत्या, आधीच्या बीएसईएसच्या, आता अदानींकडे असलेल्या. टाटांकडेही परवाना होता. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटांना थेट ग्राहकांना वीज विकता येईल असा निकाल दिला, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने ग्राहकाला तार रिलायन्सची ठेवून वीज टाटांची घ्यायची मुभा दिली. टाटांचा दर कमी होता. लाखो ग्राहक वळले.

पुढे काय झालं ते नीट समजून घ्या, कारण एकाच जाळ्यावर अनेक पुरवठादार आणण्याचा प्रस्ताव आता देशपातळीवर पुन्हा पुन्हा येतो आहे. ज्याचं बिल मोठं त्याची बचत मोठी, म्हणून जास्त वापराचे ग्राहक आधी गेले. पण आपल्या दररचनेत जास्त वापरणारा खर्चाहून जास्त दर देतो आणि त्यातून शंभर युनिटांच्या आतल्या घराचा दर कमी राहतो. मोठे गेले की हा आधार गेला. मागे राहिलेल्या छोट्या ग्राहकांवर भार येऊ लागला. मग आयोगाने वळलेल्या ग्राहकांवर हा आधार भरून काढणारा क्रॉस-सबसिडी अधिभार बसवला, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये टाटांना सांगितलं की आता ३०० युनिटांच्या आतले घरगुती ग्राहकच घ्या आणि स्वतःचं जाळंही टाका. वर्षानुवर्षं अपिलं चालली. दरांतली तफावत कमी झाली तसे काही ग्राहक परतही आले. माझा निष्कर्ष: विजेत किरकोळ स्पर्धा आणता येते, पण तारेचं भाडं, अधिभार, मागे राहिलेल्यांची जबाबदारी, हे सगळं कुणीतरी ठरवावंच लागतं. स्पर्धा वाढली की आयोगाचं काम वाढतं.

खासगी की सरकारी हा वाद मी इथे लांबवत नाही. जानेवारी २००७ मध्ये भिवंडीचं वितरण टोरंटकडे फ्रँचायझीने दिलं आणि तिथली प्रचंड गळती खूपच खाली आली. तेच प्रारूप औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरला चाललं नाही, ही शहरं परत महावितरणकडे आली. दर चारही ठिकाणी आयोगाचाच होता.

आता सुनावणीकडे येतो. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे वितरण कंपनीला दरप्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर कुणालाही हरकत घेता येते. महावितरणच्या प्रस्तावावर सुनावणी मुंबई-नवी मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर अशी फिरते. मंचावर आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य, एका बाजूला कंपनीचे अधिकारी फायलींसह, समोर लोक. आधी कंपनी पडद्यावर आकडे दाखवते. मग नावं पुकारली जातात. बर्फ कारखानदार असतो, स्टीलवाल्यांचा सल्लागार असतो, निवृत्त अभियंता असतो, आणि हमखास एखादा शेतकरी असतो, जो पंपाची बिलं पिशवीतून काढून टेबलावर मांडतो: मीटर केव्हाचं बंद, आणि बिलात दर तिमाहीला तेवढीच युनिटं. सभागृह हसत नाही. कारण तो शेतकरी ज्या गोष्टीवर बोट ठेवत असतो ती अख्ख्या राज्याच्या दराच्या मुळाशी आहे.

ती अशी. शेतीपंपांचा मोठा भाग वर्षानुवर्षं मीटरशिवाय, अश्वशक्तीवर बिल होणारा. मीटर असले तरी अनेकांचं रीडिंग विश्वासार्ह नाही. मग शेतीला गेलेली वीज अंदाजाने धरली जाते. हा अंदाज फुगवला तर काय होतं? विकलेली युनिटं जास्त दिसतात, गळती कमी दिसते, चोरी आणि ढिलाईचा खर्च शेतकऱ्याच्या नावावर जातो. त्यावर सरकारचं अनुदान आणि तुमच्यासारख्या उद्योगाची क्रॉस-सबसिडी लागते. तुमच्याच गावचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना हे सुनावण्यांमध्ये मांडत आली, प्रयासने फीडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीच्या, आकड्यांवरून मांडलं. अखेर आयोगाने अभ्यासगट नेमला, त्याचा अहवाल २०२० मध्ये आला, आणि त्या मार्चच्या आदेशात शेतीची मान्य विक्री कंपनीच्या दाव्यापेक्षा कमी धरली गेली. वर्षं गेली, हे खरं. पण पिशवीतली बिलं आदेशाच्या आकड्यापर्यंत पोचली. आयोगाच्या आदेशात प्रत्येक मुद्द्याखाली तीन परिच्छेद असतात: हरकत काय, कंपनीचं उत्तर काय, आयोगाचा निर्णय काय. तो पटला नाही तर दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात जाता येतं. पेट्रोलच्या दोन रुपयांसाठी असं काही करता येतं का, याचा विचार करा.

या व्यवस्थेला भोकं आहेत, आणि ती मोठी आहेत. इंधन समायोजन आकार, म्हणजे इंधन आणि वीजखरेदीच्या वाढलेल्या खर्चाची वसुली, सुनावणीविना बिलात येतो. तत्त्वतः तो योग्य, कोळसा महागला तर वाट बघून साठवण्यापेक्षा तेव्हाच घ्यावा. पण तो तपासला जातो मागाहून. २८ मार्च २०२५ च्या आदेशाने महावितरणचे दर कमी केले होते. कंपनीने फेरविचाराची मागणी केली, आदेशाला लगेच स्थगिती मिळाली, आणि २५ जूनला बदललेला आदेश आला. फेरविचाराच्या टप्प्यावर सार्वजनिक सुनावणी झाली नाही, असा आक्षेप ग्राहक प्रतिनिधींनी घेतला. तो आक्षेप मला शंभर टक्के रास्त वाटतो. पहिला आदेश लोकांसमोर झाला असेल तर तो बदलणंही लोकांसमोरच व्हायला हवं. ही पद्धत रूढ झाली तर मी वर केलेला सगळा युक्तिवाद पोकळ ठरेल.

अनुदानाबद्दल कायदा स्पष्ट आहे. कलम ६५ सांगतं की सरकारला कुणाला स्वस्त वीज द्यायची असेल तर ती रक्कम आगाऊ भरावी. तुमच्या यंत्रमागाची सवलत याच रस्त्याने येते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज देणारी बळीराजा योजनाही याच रस्त्याने चालायला हवी. फुकट वीज चांगली की वाईट हा राजकीय निर्णय आहे, तो विधिमंडळाने घ्यावा, अर्थसंकल्पात दाखवावा आणि पैसे वेळेवर द्यावेत. पैसे थकले की ती रक्कम कंपनीच्या कर्जात, कर्जाच्या व्याजात, आणि तिथून तुमच्या स्थिर आकारात शिरते. २००४ च्या निवडणुकीआधी जाहीर झालेली मोफत वीज वर्षभरात मागे घ्यावी लागली होती, हे माझ्या पिढीतल्या कुणी विसरलेलं नाही.

पेट्रोलसाठी माझी मागणी याच अनुभवातून येते. भाव रोज बदलू द्या, पण सूत्र छापा: कोणता आंतरराष्ट्रीय भाव, किती दिवसांची सरासरी, डॉलरचा कोणता दर, कंपनीची विक्रीतली कमाई किती. भाव गोठवायचाच असेल तर जाहीर आदेशाने गोठवा आणि त्यासाठी वेगळं खातं ठेवा. त्यात दर महिन्याला किती साठलं, किती गेलं हे दिसू द्या. नियामक मंडळाला हे खातं तपासण्याचा आणि कंपन्यांना जाब विचारण्याचा अधिकार द्या. आणि कर टक्क्यांऐवजी लिटरमागे ठरावीक रुपयांत ठेवून तो वर्षातून एकदाच, अर्थसंकल्पात बदला. यासाठी कोणत्याही कंपनीचं खासगीकरण करावं लागत नाही आणि सरकारचं उत्पन्नही बुडत नाही.

तुमच्या हातात आज असलेली गोष्ट म्हणजे विजेची सुनावणी. प्रस्ताव आला की त्याचा सारांश मराठीत प्रसिद्ध होतो, तो मागवून घ्या. सगळा वाचायची गरज नाही. मागच्या आदेशात मान्य झालेली गळती आणि प्रत्यक्ष गळती, वीजखरेदीचा सरासरी खर्च, आणि तुमच्या वर्गाचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या किती टक्के आहे, एवढे तीन तक्ते बघा. हरकत एका पानाची लिहा, प्रत्येक मुद्द्यात तक्त्याचा क्रमांक आणि आकडा द्या, आणि मुदतीत पाठवा. "दर परवडत नाही" या वाक्याला कंपनी एका ओळीत उत्तर देते, "तक्ता अमुकमध्ये गळती इतकी धरली, मागच्या आदेशात इतकी मान्य होती, फरकाचे पैसे आमच्याकडून का?" याला तिला कारण द्यावं लागतं. तुमच्या हरकतीवर कंपनीचं लेखी उत्तर येईल. ते जपून ठेवा आणि पुढचा प्रस्ताव आला की त्यातले आकडे या उत्तराशी ताडून बघा.